मानेचे जुने दुखणे आणि मॅन्युअल थेरपी : उपचार की तीन दिवसांचा आराम?

दौतटाक (धागाकर्ता)

नमस्कार. मी पुण्यात मुद्रितशोधनाचे काम करतो. वय 47. गेली अडीच वर्षे माझी मान दुखते आहे. दुखणे उजव्या बाजूला, कवटीच्या खालच्या काठापासून खांद्याच्या पात्यापर्यंत असते आणि दुपारी चारनंतर वाढत जाते. स्कूटरवरून उजवीकडे मागे पाहायचे असेल तर मानेऐवजी सगळे धडच वळवावे लागते. हातात मुंग्या येत नाहीत, पकडही कमी झालेली नाही.

अस्थिरोगतज्ज्ञांनी क्ष-किरण तपासणी करून पाचव्या-सहाव्या मणक्यांच्या मध्ये झीज असल्याचे सांगितले आणि फिजिओथेरपीला पाठवले. अहवालात शब्द होता स्पाँडिलोसिस. घरी-दारी सर्वांनी तो स्पाँडिलायटिस असा वाचला. पहिल्याचा अर्थ झीज आणि दुसऱ्याचा सूज, त्यामुळे व्यवसायाच्या सवयीने मला ही चूक दुखण्याइतकीच खुपते.

आता मूळ प्रश्न. फिजिओथेरपिस्ट बाई मला पालथे झोपवून मानेचे मणके अंगठ्यांनी दाबतात, मान हळूहळू वळवतात, खांद्याचे स्नायू मोकळे करतात. हीच मॅन्युअल थेरपी, म्हणजे हाताने केलेले उपचार. चाळीस मिनिटांनी उठलो की मान इतकी हलकी वाटते की अडीच वर्षे उगाच सोसले असे वाटावे. दुसरा दिवस बरा जातो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे पूर्वपदावर येते. अशी आठ सत्रे झाली, प्रत्येक सत्राचे 700 रुपये. याला उपचार म्हणावे की भाड्याने घेतलेला आराम? ज्यांचे दुखणे तीन महिन्यांहून जुने आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील. उशी बदलण्याचा सल्ला कृपया देऊ नये. घरात सध्या सात उशा आहेत.

मोरपीस

आठवी उशी मोहरीची घेऊन पाहिलीत का?

कृष्णाकाठ

आमच्या कराडकडे असे काही झाले की पायाळू माणूस शोधत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याने उसण भरलेल्या जागी हलकेच पाय लावला की उसण उतरते, अशी श्रद्धा. माझी धाकटी आत्या पायाळू असल्याने दर सुट्टीत तिच्यापुढे चार-पाच माणसे पाठ करून बसलेली असायची. तिच्या पायाने बरे वाटून गेलेले लोक मी डोळ्यांनी पाहिले आहेत. मात्र आत्याची स्वतःची मान धरली की ती तालुक्याला डॉक्टरांकडे जायची, हेही पाहिले आहे.

अंगठेबहाद्दर

मी नाशिकला 16 वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, त्यामुळे या प्रश्नात माझे व्यावसायिक हितसंबंध आहेत हे आधीच सांगून टाकते.

प्रथम एक गैरसमज दूर करते, कारण तो आमच्याच व्यवसायातल्या लोकांनी पसरवला आहे. 'मणका सरकला होता, तो जागेवर बसवला' हे वाक्य पेशंटला पटते, पण ते खरे नाही. अंगठ्याच्या दाबाने मणके कायमचे हलत नाहीत, आणि तसे ते हलत असते तर आपण केस पुसतानाही घाबरायला हवे होते. 'मणक्यात गॅप आली आहे' हेही तसेच. दोन मणक्यांमधले अंतर झिजेने कमी होते, वाढत नाही. तरीही अर्धा महाराष्ट्र आपल्या पाठीत गॅप घेऊन फिरतो.

मग हाताने नेमके काय होते? सांध्यावर लयीत दाब दिला की तिथून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या संदेशांचे स्वरूप बदलते, दुखण्याची तीव्रता काही काळ उतरते आणि आखडून धरलेले स्नायू सैल होतात. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी या दाबांच्या चार श्रेणी ठरवून दिल्या. पहिल्या दोन, हालचाल जिथे अडते त्या अडथळ्याच्या अलीकडे, दुखणे शांत करण्यासाठी. पुढच्या दोन अडथळ्यापर्यंत जाऊन, आखडलेपणा कमी करण्यासाठी. 'कट्' असा आवाज येणारा झटका ही पाचवी श्रेणी. न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांच्या पद्धतीत पेशंट बसलेला असतो. थेरपिस्ट मणक्याला अंगठ्याने विशिष्ट दिशेने आधार देतो आणि मान पेशंट स्वतः वळवतो. त्या क्षणी दुखता कामा नये. दुखले तर दिशा किंवा जागा चुकली असे समजायचे, आणि बदलूनही फरक पडला नाही तर तो प्रकार सोडून द्यायचा.

दौतटाक, तुम्ही आराम किती दिवस टिकला ते सांगितलेत, पण मान किती अंश जास्त वळू लागली ते सांगितले नाहीत. पहिल्या सत्राआधी आणि आठव्यानंतर कोणी मोजले होते का? आणि दुसरा प्रश्न, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो : त्या बऱ्या दोन दिवसांत तुम्ही काय करता?

शंकासुर

कुडाळहून लिहितो. दशावतारातले नाव घेतले आहे, तेव्हा शंका काढणे हे माझे कर्तव्यच आहे. मी निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक आहे.

माणूस उपचाराला कधी जातो? दुखणे सर्वांत जास्त असते तेव्हा. जुने दुखणे मुळातच चढत-उतरत असल्याने शिखरावरून ते पुढे खालीच येणार असते. त्या उताराचे श्रेय जो कोणी हात लावेल त्याला मिळते, मग तो पदवीधर असो वा पायाळू. म्हणूनच 'मला बरे वाटले' हा पुरावा नव्हे. तुलना हवी.

अशी एक तुलना 2012 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. मानदुखीच्या 272 लोकांचे तीन गट करून एकाला हाताने मणक्याचे उपचार, दुसऱ्याला औषधे आणि तिसऱ्याला घरी करायचे व्यायाम दिले. उपचार बारा आठवडे चालले. हाताचे उपचार औषधांपेक्षा सरस ठरले हे खरे. पण घरच्या व्यायामाचा गटही जवळजवळ तिथेच पोहोचला, आणि त्यांना केवळ दोनदा बोलावून व्यायाम शिकवले होते. यावरून दौतटाक यांनी 5600 रुपयांचा हिशेब स्वतः करावा.

अंगठेबहाद्दर

शंकासुर सर, तो अभ्यास मीही वाचला आहे. त्यातले लोक दोन ते बारा आठवड्यांच्या दुखण्याचे होते. धागा अडीच वर्षांच्या दुखण्याबद्दल आहे.

शंकासुर

मान्य. ही मर्यादा मी लिहायला हवी होती. शंका मात्र कायम आहे.

ट्युलिपकर

मी बारा वर्षे नेदरलँड्समध्ये आइंटहोवेनला राहतो. इथे मॅन्युअल थेरपिस्ट ही फिजिओथेरपीनंतरची वेगळी, नोंदणीकृत विशेषता आहे आणि 2006 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट त्यांच्याकडे जाता येते. इथला 2002 सालचा एक अभ्यास या प्रश्नाशी बराच जुळतो. 183 रुग्णांचे तीन गट केले : आठवड्यातून एकदा मॅन्युअल थेरपी, आठवड्यातून दोनदा मुख्यतः व्यायामाची फिजिओथेरपी, आणि नेहमीच्या डॉक्टरांचा सल्ला. सात आठवड्यांनी बरे झाल्याचे किंवा खूप सुधारल्याचे सांगणारे अनुक्रमे सुमारे 68, 51 आणि 36 टक्के होते. पुढच्या वर्षी, 2003 मध्ये, याच रुग्णांच्या खर्चाचा हिशेब प्रसिद्ध झाला. रजा वगैरे सगळे धरून वर्षभराचा सरासरी खर्च मॅन्युअल थेरपीच्या गटात 447 युरो, तर इतर दोन गटांत 1297 आणि 1379 युरो. त्यात झटक्याचा प्रकार नव्हता, फक्त हळुवार हालचाली होत्या, आणि सत्रे जास्तीत जास्त सहा.

माझा स्वतःचा अनुभव सांगायचा तर, चौथ्या भेटीनंतर माझ्या थेरपिस्टने स्वच्छ सांगितले की पुढची भेट तीन आठवड्यांनी, तोवर व्यायामाची वही आणून दाखव. मला राग आला होता. पैसे विमा कंपनी देणार होती आणि मला ते दाबून घेणे आवडू लागले होते. इथे आल्यावर फक्त बर्फाळ वाऱ्यात सायकल चालवायची, आणि त्यात आठवड्यातून एकदा कोणी मायेने मान धरते, हे सुख सोडवत नाही. हा भाग कोणत्याही अभ्यासात मोजलेला नसतो.

शंकासुर

वर्षाअखेरीस तीन गटांतला फरक पुष्कळ कमी झाला होता, हेही लिहा.

ट्युलिपकर

लिहितो : कमी झाला होता. मॅन्युअल थेरपीचे लोक लवकर बरे झाले, एवढाच दावा करता येतो. सात आठवड्यांनी कामावर परतणे आणि वर्षभराने परतणे यांत मला तरी फरक वाटतो.

रमा_ठाणे

आमच्या घरी घडलेले सांगते, कारण इथे कोणीही झटक्याच्या धोक्याबद्दल लिहिलेले नाही. माझे यजमान दर महिन्याला केस कापून झाले की न्हाव्याकडून चंपी आणि शेवटी दोन्ही बाजूंना मान मोडून घ्यायचे. मागच्या दिवाळीआधी असेच मोडून आले. संध्याकाळपासून मानेत एका बाजूला कधी नव्हते इतके दुखू लागले, दुसऱ्या दिवशी चालताना तोल जाऊ लागला आणि एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. मानेतली शीर आखडली असेल म्हणून आम्ही आधी बाम चोळत बसलो, याची आजही लाज वाटते. रुग्णालयात नेल्यावर कळले की मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतला पापुद्रा फाटला होता. ते बचावले, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या पुढे अनेक महिने चालल्या.

मेंदुविकारतज्ज्ञांनी कागदावर चित्र काढून समजावले. दोन्ही बाजूंच्या वर्टेब्रल धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर चढतात आणि सर्वांत वरच्या मणक्यापाशी वळण घेऊन कवटीत शिरतात. मान एकदम पिळली तर ताण त्या वळणावर येतो. हे क्वचितच घडते असे ते म्हणाले, पण क्वचित म्हणजे शेजारच्याच्या घरी असे आपण समजतो.

अंगठेबहाद्दर

रमाताई, लिहिलेत ते फार बरे केलेत. खुर्चीत मान फार मागे टेकवून केस धुतानाही असे होऊ शकते. 1993 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात अशा पाच स्त्रियांची नोंद 'ब्युटी पार्लर स्ट्रोक सिंड्रोम' या नावाने आली होती. यात आणखी एक गुंता आहे. त्या धमनीचा पापुद्रा कधी कधी आपोआपही फाटतो, आणि त्याचे पहिले लक्षण मानदुखी हेच असते. म्हणजे माणूस दुखते म्हणून मान मोडायला येतो तेव्हा धमनी आधीच फाटलेली असू शकते. म्हणून कोणी नवाच, पूर्वी कधी न झालेला मानेचा किंवा डोक्याचा ठणका घेऊन आला, किंवा बोलताना जीभ जड होणे, गिळायला त्रास, दोन-दोन दिसणे, तोल जाणे यांतले काही सांगू लागला, तर मी हातही लावत नाही, थेट रुग्णालयात पाठवते. संधिवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या पेशंटच्या मानेला झटका कधीच देऊ नये, कारण त्यांच्या पहिल्या दोन मणक्यांमधला बंध सैल झालेला असू शकतो. आणि शर्टाची बटणे लावता येईनाशी झाली, चालताना पाय अडखळू लागले, तर तो मज्जारज्जूवरचा दाब असू शकतो. त्याचे निदान मालिशवाल्याने करायचे नसते.

माझे वैयक्तिक मत असे की मानेच्या वरच्या भागाला झटका देण्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. हळुवार हालचालींनी बहुतेक वेळा तेवढाच गुण येतो.

दाढदुखी

कोल्हापुरात दंतवैद्यक करतो. लोकांच्या तोंडात वाकून वाकून आमच्या जमातीची मान चाळिशीतच निवृत्त होते. मी आधी एका चकचकीत केंद्रात गेलो होतो. तिथे पहिल्याच दिवशी 20 सत्रांचे पॅकेज पुढे केले. प्रत्येक भेटीत पंधरा मिनिटे शेक, पंधरा मिनिटे विजेच्या पट्ट्या, दहा मिनिटे ट्रॅक्शन म्हणजे मान ताणून धरणे, आणि प्रत्यक्ष हात लागायचा तो तीन मिनिटे, तोही दररोज वेगळ्या माणसाचा. 20 संपल्यावर आणखी 20 सुचवली. एमआरआयचा अहवाल दाखवून 'मणक्यांमधली चकती फुगली आहे, उपचार थांबवू नका' अशी भीतीही घातली.

त्या भीतीवर उतारा मला नंतर मिळाला. जपानमध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या 1211 लोकांचे एमआरआय काढले होते, त्यांतल्या 87.6 टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या दिसल्या, विशीतल्यांतही बहुसंख्य. चकती फुगणे हे पुष्कळदा केस पिकण्यासारखेच असते. सध्या गल्लीतल्या एका साध्या दवाखान्यातल्या बाईंकडे जातो. यंत्र एकही नाही, एक पलंग आणि दोन हात. महिन्यातून एकदा जाणे पुरते, कारण बाकीचे दिवस मी दोन पेशंटच्या मध्ये उठून भिंतीला पाठ लावून उभा राहतो.

मोरपीस

मान मोडण्याच्या आवाजाबद्दल कोणीच कसे लिहिले नाही? तो आवाज आला नाही तर आमच्या मातोश्रींना पैसे वाया गेल्यासारखे वाटते.

शंकासुर

तो आवाज हाडाचा नसतो. 2015 साली कॅनडात अल्बर्टा विद्यापीठातल्या मंडळींनी एमआरआय चालू ठेवून बोटे मोडली आणि सांध्यातल्या द्रवात आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होताना पाहिली. बोटे मोडल्याने संधिवात होतो या समजुतीची तपासणी तर डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी स्वतःवरच केली. साठ वर्षे केवळ डाव्या हाताची बोटे मोडली, उजवा हात तुलनेसाठी राखला, आणि दोन्ही हातांत फरक निघाला नाही. गमतीदार संशोधनासाठी दिले जाणारे इग नोबेल 2009 साली त्यांना मिळाले. नमुना एकाच माणसाचा असला तरी चिकाटीला माझा नमस्कार. मातोश्रींना सांगा की आवाज हा गुण आल्याचा दाखला नाही.

दौतटाक (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. अंगठेबहाद्दर यांनी विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे तर, बऱ्या दोन दिवसांत मी साचलेले काम उपसतो. मान हलकी आहे तोवर पाने संपवून घ्यावीत या हिशेबाने नेहमीपेक्षा दोन तास जास्त बसतो. व्यायाम सांगितले होते. कागद फ्रीजवर चुंबकाने लावलेला आहे. मोजमाप कोणीही केलेले नाही.

अंगठेबहाद्दर

मग तिसऱ्या दिवशीच्या संध्याकाळचे कोडे बरेचसे उलगडले. माझ्या मते हाताच्या उपचारांनी मिळणारे ते दोन दिवस व्यायामासाठी असतात, कारण एरवी जो व्यायाम दुखतो म्हणून सोडला जातो तो त्या दिवसांत करता येतो. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या 2017 च्या मार्गदर्शिकेतही आखडलेल्या मानेच्या जुन्या दुखण्यासाठी हाताचे उपचार आणि व्यायाम एकत्रच सुचवले आहेत, आणि त्यात मानेबरोबर पाठीच्या वरच्या भागावरही काम करायला सांगितले आहे.

तुमच्या बाईंना विचारून हे करून पाहा. उताणे झोपा, डोक्याखाली टॉवेलची पातळ घडी ठेवा. मनातल्या मनात कोणाला 'हो' म्हणताना हनुवटी जितकी खाली जाते तितकीच खाली न्या, डोके उचलू नका. दोन बोटे मानेच्या बाजूला ठेवा. तिथला दोरीसारखा स्नायू ताठ झाला तर जोर जास्त लागतो आहे. दहा सेकंद धरा, दहा वेळा करा. दिसायला इतके क्षुल्लक आहे की पेशंट माझ्याकडे संशयाने पाहतात.

दुसरे, पंचाचा प्रकार, मलिगन यांच्या पद्धतीतला. पंचाची काठ जिथे अडते त्या मणक्यावर ठेवायची, एक टोक खाली छातीशी धरून ठेवायचे, दुसरे डोळ्याच्या दिशेने हलके ओढत त्या बाजूला मान वळवायची. दुखले तर लगेच थांबायचे. पहिल्यांदा समोर बसून शिकून घ्या, वाचून नको.

कृष्णाकाठ

ऑस्ट्रेलियातही असाच एक मोठा प्रयोग झाला होता ना? मुलीने मला डोकेदुखीसाठी वाचून दाखवला होता.

अंगठेबहाद्दर

हो काका, 2002 चा. मानेतून उद्भवणाऱ्या डोकेदुखीचे 200 लोक, सहा आठवडे उपचार आणि वर्षभर पाठपुरावा. हाताचे उपचार आणि वर सांगितलेल्या जातीचे हलके व्यायाम, दोन्हींचा गुण वर्षभर टिकला. दोन्ही एकत्र दिल्याने मात्र अपेक्षेइतकी मोठी भर पडली नाही. शंकासुर सरांनी विचारायच्या आत सांगून टाकले.

शंकासुर

माझ्या पोटावर पाय येतो आहे.

दौतटाक (धागाकर्ता)

सात आठवड्यांनी धागा वर काढतो आहे, क्षमस्व. बाईंना विचारल्यावर त्यांनी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. वाचन, झोप, डोकेदुखी, वाहन चालवणे अशा गोष्टींना शून्य ते पाच गुण, एकूण 50 पैकी. जितके गुण जास्त तितका त्रास जास्त. माझे पहिल्या दिवशी 21 होते, परवा 12 भरले. वाचनाच्या प्रश्नाला अजूनही तीन गुण आहेत, आणि ते खाली येतील असे मला वाटत नाही, कारण पोट त्याच्यावरच चालते.

घरी मोजण्यासाठी एक युक्ती केली. खुर्ची एकाच फरशीवर ठेवून बसतो, खांदे न हलवता उजवीकडे वळतो आणि नाक जिथे रोखले जाते तिथे पत्नी भिंतीवर पेन्सिलीने खूण करते. पहिली खूण खिडकीच्या अलीकडे होती, परवाची खिडकीच्या दुसऱ्या चौकटीवर आहे. या काळात सत्रे पाचच घेतली. शेवटच्या दोहोंत सोळा दिवसांचे अंतर होते. आरामाच्या दिवशी जादा काम करणे बंद केले आणि दर 40 मिनिटांना उठण्यासाठी स्वयंपाकघरातला गजर टेबलावर आणला आहे.

पूर्ण बरे वाटते का? नाही. महिनाअखेरीस दिवाळी अंकांची प्रुफे एकदम आली तेव्हा चार दिवस पुन्हा तेच ठणकणे होते. फरक एवढाच की त्या चार दिवसांत बाईंना फोन केला नाही, पंचा काढला. शंकासुर सर म्हणतील की दुखणे आपोआपच उतरले असेल. असेलही.

शंकासुर

मी तसे म्हणणारच होतो. मात्र भिंतीवरच्या खुणा पुसू नका, सहा महिन्यांनी पुन्हा करा आणि इथे कळवा.

रमा_ठाणे

त्या पंचाबद्दल विचारायचे होते. यजमानांना अर्थातच करायला देणार नाही, मला स्वतःसाठी हवे आहे. साधा टर्किश टॉवेल चालतो का?

दौतटाक (धागाकर्ता)

मी आधी तोच वापरला होता. त्याची काठ जाड आणि गुबगुबीत असल्याने नेमक्या मणक्यावर बसत नाही, सरकून जाते. सुती पंचा घ्या, दोन-चार वेळा धुतलेला, म्हणजे खळ निघून जाते आणि मानेला खरचटत नाही. मात्र आधी कोणाला तरी मान दाखवून घ्या.